गृहकर्जाचा हप्ता आणि आपला संकोच

ठाण्याची खाडी ओलांडली कीं पारसिकच्या डोंगराच्या अलीकडे कळवा स्टेशन लागतें. मुंबईंतील वा ठाण्यांतील जागा अपुरी पडूं लागल्यामुळें कित्येक कुटुंबांनीं येथें व शेजारच्या खारेगांवांत कर्ज काढून स्वतःचीं घरें घेतलीं आहेत. घर घेतांना मुहूर्त, दिशा, वास्तुशांति या सर्वांचा विचार होतो; परंतु हप्ता डोईजड झाला तर काय करावें, याचा विचार करणारें कुटुंब विरळा. तसा प्रसंग आला कीं कर्ता पुरुष मनांतल्या मनांत कुढतो, गृहिणीच्या पाटल्या सराफाकडे जातात, हातउसने पैसे काढले जातात, आणि जिचें कर्ज आहे त्या बँकेचें दार सर्वांत शेवटीं ठोठावलें जातें. हा क्रम उलटा आहे, असें आमचें मत आहे.

या संकोचाचें मूळ जुनें आहे. सावकारापुढें हात पसरणें म्हणजे अब्रू गेली, ही समजूत आपल्या अंगीं मुरलेली आहे. पण इतिहास काय सांगतो? १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि त्याचा परिणाम म्हणून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयींचा कायदा झाला. केवळ खतावरील आंकडा न पाहतां मूळ व्यवहार तपासण्याचा व फेडीचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार त्यानें न्यायालयांस दिला. म्हणजे परिस्थितीप्रमाणें फेडीची रीत बदलून मागणें ही लाचारी नव्हे. तिला सुमारें दीडशें वर्षांची परंपरा आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. एखाद्या गृहस्थानें २०२१ सालीं ३० लक्ष रुपये, ६.७० टक्के बदलत्या दरानें, २० वर्षांच्या मुदतीनें घेतले असें समजा. हप्ता सुमारें २२,७०० रुपये येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधींत रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. त्याच्याशीं जोडलेलें हें कर्ज ९.२० टक्क्यांवर गेलें. त्या वेळीं २९ लक्ष शिल्लक असतील तर महिन्याचें व्याजच २२,२०० च्या वर होतें. मुद्दलापोटीं पांचशें रुपयेहि पडत नाहींत. हाच दर व हाच हप्ता राहिला तर कर्ज फिटण्यास ४२ वर्षें लागतील! उरलेल्या १८ वर्षांत तें फेडावयाचें तर हप्ता सुमारें २७,५०० रुपये हवा. २०२५ च्या फेब्रुवारीपासून दर उतरूं लागले हें खरें. परंतु तेवढ्यानें आपली मुदत पूर्ववत् झाली असें गृहीत धरूं नये, बँकेस विचारून घ्यावें.

बँकेकडे करावयाच्या विनंत्या दोन प्रकारच्या आहेत, व त्यांतील भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. पहिली, दर बदलल्यामुळें करावयाची. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमांप्रमाणें अशा वेळीं हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, दोन्ही थोडीं थोडीं करावीं, कीं कांहीं रक्कम आधींच भरावी, ही निवड ऋणकोस दिली पाहिजे. आणि मुदत वाढविल्यानें हप्त्यांतून व्याजहि भागूं नये अशी स्थिति येतां कामा नये. येथें आपण भीक मागत नसून हक्क सांगत असतों. दुसरी विनंती नोकरी गेली, आजारपण आलें, कमावता माणूस गेला अशा आपत्तींतील. ती मान्य करणें बँकेच्या मर्जीवर असतें, आणि अशा पुनर्रचनेची नोंद आपल्या पतीच्या इतिहासांत होऊं शकते. शिवाय सवलत म्हणजे माफी नव्हे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळांत हप्ते पुढें ढकलण्याची मुभा होती. पण व्याज चालूच होतें, हें पुष्कळांस मागाहून कळलें.

अर्ज लेखीच करावा व त्याची पोंच घ्यावी. अडचण काय, ती किती महिने टिकेल, आज दरमहा किती भरतां येईल, हें नेमकें लिहावें. वेतनपत्रक, नोकरी सुटल्याचा कागद किंवा रुग्णालयाचीं बिलें जोडावीं. शिल्लक मुद्दल, चालूं दर व उरलेले हप्ते यांचा तक्ता मागावा. प्रत्येक पर्यायांत एकूण व्याज किती पडतें तें विचारल्यावांचून सही करूं नये. महिनाभरांत उत्तर न आल्यास, बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे व गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करतां येते.

आणि हें सर्व वेळेवर करावें. थकबाकी ९० दिवसांहून अधिक झाली कीं खातें अनुत्पादक ठरतें. त्यानंतर २००२ च्या कायद्यान्वयें ६० दिवसांची नोटीस येते, व तीहि फुकट गेली तर घराचा ताबा घेण्याचा मार्ग धनकोस मोकळा होतो. त्या नोटिशीसहि लेखी हरकत घेतां येते, व तिचें उत्तर १५ दिवसांत देणें धनकोवर बंधनकारक आहे. तरी पहिला हप्ता चुकण्यापूर्वीं गेलेल्या माणसाचें म्हणणें जितक्या शांतपणें ऐकलें जातें, तितकें नोटीस हातीं घेऊन धांवणाऱ्याचें ऐकलें जात नाहीं.

शेवटीं एक कौटुंबिक सूचना. कर्ज एकाच्या नांवावर असलें तरी छप्पर सर्वांचें आहे. यास्तव कर्जाचा तक्ता कपाटाच्या तळाशीं न ठेवतां वर्षांतून दोनदां तरी घरांतील वडीलधाऱ्यांनीं, मिळवत्या मुलांनीं व सुनांनीं एकत्र बसून वाचावा. कोणी आपला खर्च आंवरील, कोणी चार पैसे पुढें करील, आणि अर्ज करावयाचाच झाला तर तो वेळेवर होईल. दागिना मोडून एखादा हप्ता भागतो. हिशेब उघड ठेवल्यानें मात्र घर राहतें.