मोटर जोडलेली सायकल

पायडलने चालणाऱ्या साध्या सायकलीवर लहान विद्युत मोटर किंवा छोटे पेट्रोल इंजिन मागाहून बसवून तयार केलेल्या वाहनाला मोटर जोडलेली सायकल म्हणतात. कारखान्यात बनणारी ई-सायकल आणि मोपेड ही तिची जवळची भावंडे होत. मात्र त्यांचा सांगाडा मोटर धरूनच आखलेला असतो. येथे सांगाडा, चाके आणि ब्रेक माणसाच्या पायांच्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असतात व मोटरीचा भार त्यांच्यावर नंतर येतो. या छंदातील बहुतेक अडचणी याच एका फरकातून उद्भवतात. मोटर फिरवणे सोपे असते; वेगात आलेली सायकल थांबवणे, चाक जागेवर धरून ठेवणे आणि हे सारे पावसाळ्यात टिकवणे तितके सोपे नसते.

रायगड जिल्ह्याची किनारपट्टी हे याचे चांगले उदाहरण आहे. अलिबागहून अक्षी, नागाव, चौलमार्गे रेवदंड्याला जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून बहुतांशी सपाट जातो. पुढे कुंडलिका नदीवरील पूल ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूडकडे निघाले की चढउतार सुरू होतात, आणि अलिबागहून पेणकडे जाताना कार्लेखिंड लागते. मांडवा बंदरात मुंबईहून येणाऱ्या रो-रो बोटीतून सायकलीही आणता येतात. अंतरे बेताची, रस्ते सपाट आणि मध्येच एखादा दमवणारा चढ, अशा ठिकाणी लहान मोटरीचा उपयोग खरोखर होतो. पण हवा खारी आणि पाऊस भरपूर असल्याने तेथेच तिची परीक्षाही होते.

इतिहास

सायकलीला यंत्र जोडण्याची कल्पना सायकलीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच होती, आणि आजच्या हब मोटरीची जागाही तीच आहे. त्या काळच्या जड बॅटऱ्यांमुळे ही कल्पना व्यवहारात फारशी आली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंधन, पोलाद आणि पैसा यांची टंचाई असलेल्या देशांत सायकलीला जोडायच्या इंजिनांना मोठी मागणी आली. इटलीत ४८ घनसेंटिमीटरचे ‘कुच्चोलो’ इंजिन निघाले. पुढे दुकाती कंपनीने ते बनवले. फ्रान्समध्ये पुढच्या चाकावर रूळ घासून चालणारी ‘वेलोसोलेक्स’ लोकप्रिय झाली. जपानमधील हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली लष्करी बिनतारी यंत्रांच्या जनित्रांची उरलेली इंजिने सायकलींवर चढवली. पहिल्या प्रयोगात त्यांनी इंधनाची टाकी म्हणून अंथरूण उबदार ठेवण्याचा गरम पाण्याचा डबा वापरला होता. आज ज्याला ‘जुगाड’ म्हणतात त्यातूनच एका मोठ्या उद्योगाची सुरुवात झाली.

भारतात ही परंपरा मोपेडच्या रूपाने रुजली. कायनेटिक इंजिनिअरिंग या महाराष्ट्रातील कंपनीने १९७२ साली ५० घनसेंटिमीटरची ‘लूना’ बाजारात आणली. तिला पायडल होते. ते मारून इंजिन सुरू करता येई. मोटर आणि पेडल या दोन शब्दांच्या जोडातून बनलेले ‘मोपेड’ हे नाव अशा गाडीला नेमके लागू पडते. २०२४ मध्ये याच उद्योगसमूहातील कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ आणली, परंतु ती नोंदणी करावी लागणारी दुचाकी आहे, सायकल नव्हे. सायकलस्वार पायडल मारत असतानाच मोटरीने जोर देण्याची पद्धत प्रथम जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये विक्रीस आणली. हौशी लोक आज वापरतात ती संचबद्ध सामग्री बहुतेक याच तत्त्वावर चालते.

किती शक्ती लागते?

सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने साधी सायकल चालवण्यास ढोबळमानाने १०० वॅट पुरतात. चढावर गणित बदलते. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन असेल आणि दर १०० मीटरला ५ मीटर चढ असेल, तर ताशी १५ किलोमीटर वेग राखण्यासाठी केवळ वजन वर उचलण्यात सुमारे २०० वॅट खर्च होतात. सराव नसलेल्या माणसाला एवढी शक्ती काही मिनिटेच देता येते. त्यामुळे २५० वॅटची मोटर सपाटीवर मुबलक आणि कार्लेखिंडीसारख्या चढावर जेमतेम पुरेशी ठरते. चढावर पायडल मारणे तिने सुटत नाही, सुसह्य होते.

प्रकार

सर्वांत प्रचलित प्रकार हब मोटरीचा आहे. यात चाकाचा तुंबा काढून त्याजागी मोटर असलेला तुंबा बसवतात व आरे नव्याने ओवतात. गिअरच्या हब मोटरीत आत फ्रीव्हील असल्याने वीज संपल्यावर चाक मोकळे फिरते. गिअर नसलेली हब मोटर अधिक टिकाऊ, पण वजनदार असते आणि बंद असताना चाकाला किंचित ओढून धरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी मोकळी फिरणारी सायकल उपयोगी पडते, म्हणून या भागासाठी गिअरची मोटर बरी.

दुसरा प्रकार साखळीचा. अभियांत्रिकीचे विद्यार्थी २४ व्होल्ट, २५० वॅटची, आत गिअर असलेली व मिनिटाला सुमारे ३०० फेरे देणारी मोटर पुष्कळदा वापरतात. मोटरीवर ९ दात्यांचे आणि चाकावर १८ दात्यांचे चक्र लावल्यास चाक मिनिटाला १५० फेरे घेते. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर धरला, तर वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या आसपास येतो. चक्रांचे दाते बदलून वेग आणि चढण्याची ताकद यांत देवघेव करता येते. विद्यार्थ्याला यांत्रिकी शिकवण्यास हा प्रकार सर्वांत उत्तम.

तिसरा प्रकार पेट्रोल इंजिनाचा. कोकणात बागायतदारांकडे गवत कापण्याची यंत्रे असतात आणि त्यांचे इंजिन सायकलीवर चढवण्याचा मोह सहज होतो. अशा संचांत मागच्या चाकाच्या आऱ्यांना रबरी चकत्यांमध्ये धरून दातेरी चक्र आवळतात. इंजिनाचा सगळा जोर त्या मोजक्या आऱ्यांवर येतो आणि ते एकेक करून तुटतात. त्यात आवाज, धूर आणि पुढे दिलेली कायद्याची अडचण पाहता हा मार्ग टाळलेला बरा.

बसवताना

हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोराने उलट दिशेला फिरू पाहतो. त्याला रोखण्यासाठी आसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि त्या फोर्कच्या टोकांच्या खाचेत अडकतात. ४० न्यूटन-मीटरचा पीळ १० मिलिमीटर अंतरावरील कडांवर पेलायचा झाल्यास प्रत्येक कडेवर अंदाजे ४,००० न्यूटन, म्हणजे ४०० किलो वजनाइतका दाब येतो. खाच सैल असेल किंवा धातू मऊ असेल तर आस फिरतो, आतून आलेल्या तारा पिळून तुटतात आणि पुढचे चाक असल्यास ते सुटूनही पडते. यासाठी आसाच्या चपट्या भागावर घट्ट बसणारी पोलादी पट्टी घालून तिचे दुसरे टोक फोर्कच्या नळीला आवळतात. तिला टॉर्क आर्म म्हणतात. संचासोबत ती नसल्यास लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घ्यावी. पुढच्या चाकात मोटर बसवायची असेल तर फोर्क पोलादीच हवा. ॲल्युमिनियमचा किंवा स्प्रिंगचा फोर्क अचानक मोडतो.

ब्रेककडे बहुधा सर्वांत कमी लक्ष जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटरने जाणारी तीच सायकल थांबवताना पावणेतीन पटींहून थोडी अधिक ऊर्जा ब्रेकला शोषावी लागते. जुन्या काळ्या सायकलींचे दांड्यांचे ब्रेक पोलादी रिमवर रबर दाबतात, आणि रिम ओली झाली की त्यांची पकड झपाट्याने कमी होते. अशा सायकलीवर मोटर चढवण्यापूर्वी चाके व ब्रेक बदलणे हा कामाचा पहिला टप्पा समजावा. ब्रेक दाबताच मोटरीचा पुरवठा तोडणारा स्विचही तितकाच आवश्यक आहे.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीत ३.६ व्होल्टचे दहा घट एकापाठोपाठ जोडल्यास ३६ व्होल्ट मिळतात. पूर्ण भरल्यावर हा आकडा ४२ पर्यंत जातो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा असते. किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास खर्च धरला तर एका चार्जमध्ये २४ ते ३६ किलोमीटर अंतर होते, म्हणजे अलिबाग–रेवदंडा जाऊन-येऊन बेताबेताने जमते. प्रत्येक घटाचे व्होल्टेज पाहून चार्जिंग व पुरवठा तोडणारे नियंत्रक मंडल बॅटरीत असलेच पाहिजे. ते नसलेल्या, सुटे घट चिकटपट्टीने बांधून केलेल्या बॅटऱ्या आगीचे मोठे कारण आहेत. चार्जिंग झोपण्याच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत करू नये. शिसे-आम्ल बॅटऱ्या स्वस्त असतात, पण २४ व्होल्टसाठी लागणाऱ्या दोन लहान बॅटऱ्यांचेच वजन आठेक किलो भरते.

किनाऱ्यावरची काळजी

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म कण आणतात. ते दमट पृष्ठभागावर बसले की पोलाद लवकर गंजते. शिवाय मोटरीचे ॲल्युमिनियमचे कवच आणि पोलादी आरे जेथे भेटतात तेथे दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने झीज होते. पाणी आत शिरण्याची मुख्य वाट म्हणजे आसातून बाहेर येणारी तार. ती आधी खाली सोडून मग वर वळवावी, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. पाणी मोटरीत गेले की चुंबकांची स्थिती सांगणारे हॉल संवेदक बिघडतात आणि मोटर हिसके देऊ लागते. जोडण्या जलरोधक असाव्यात, नियंत्रक पेटी सीटखाली तोंड खाली करून बांधावी. सायकल गोड्या पाण्याने, पण जोराचा फवारा न मारता पुसून घ्यावी आणि साखळीला तेल द्यावे.

ओहोटीच्या ओल्या वाळूवरून सायकल नेण्याची हौस अनेकांना असते. तेथे मोटरीवर चढाइतकाच भार येतो आणि खारे पाणी थेट आसापर्यंत उडते. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळल्यावर ठीक दिसली तरी पुन्हा चार्ज करू नये. आत उरलेल्या मिठामुळे शॉर्ट सर्किट होऊन ती उशिराही पेटू शकते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची वाहने वगळलेली आहेत. बाजारातील बहुतेक पेट्रोल संच याहून मोठे, सुमारे ५० घनसेंटिमीटरचे असतात. त्यामुळे ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते आणि घरी बनवलेल्या अशा वाहनाची नोंदणी व्यवहारात होत नाही.

विद्युत सायकलींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वेगळी सूट आहे. मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, पायडल मारणे थांबताच किंवा ताशी २५ किलोमीटर वेग गाठताच तिची मदत बंद व्हावी, योग्य ब्रेक असावेत, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा, अशा अटी आहेत. पण ही पूर्तता नियमात नेमलेल्या चाचणी संस्थेने तपासलेली असावी लागते. पुण्यातील एआरएआय ही त्यांपैकी एक. कारखानदार एका नमुन्याची चाचणी करून घेतो. एकच सायकल बनवणाऱ्या हौशी माणसाला ते परवडणारे नसते. म्हणजे सर्व तांत्रिक मर्यादा पाळूनही घरगुती सायकल कागदोपत्री सूटीच्या बाहेर राहू शकते. मर्यादा ओलांडणारी सायकल तर निश्चितच बाहेर जाते.

याचा परिणाम अपघाताच्या वेळी दिसतो. मोटार वाहन ठरलेल्या सायकलीला सार्वजनिक रस्त्यावर त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि नोंदणीविना तो मिळत नाही. भरपाईचा भार चालवणाऱ्यावर किंवा मालकावर येतो. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलीसाठी किमान वय १६ वर्षे आहे आणि परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.