तोंडानाकाच्या वाटेनें शस्त्रक्रिया

मस्तक आणि मान यांचा प्रदेश शरीराच्या मानानें लहानसा. परंतु मनुष्याच्या जीवनाचा केवढा व्यवहार या वीत-दोन वीत जागेंत चालतो याचा आपण क्वचितच विचार करतों. श्वास येथूनच आंत जातो, घास येथूनच उतरतो, आवाज येथेंच उमटतो. पाहणें, ऐकणें, वास घेणें, चव घेणें यांचीं इंद्रियें येथेंच आहेत. आणि ज्या मुखावरून माणूस माणसाला ओळखतो तें मुखही येथेंच आहे. अशा ठिकाणीं रोग झाला म्हणजे शस्त्रवैद्यापुढें दुहेरी पेंच उभा राहतो. रोग काढावयाचा तर त्याच्यापर्यंत पोहोंचलें पाहिजे, आणि पोहोंचावयाचें तर वाटेंत जें जें येईल तें तें कापलें पाहिजे.

जिभेच्या मुळाशीं सुपारीएवढी गांठ असावी आणि ती काढण्यासाठीं खालचा ओंठ व हनुवटी चिरून जबड्याचें हाड करवतीनें दुभंगावें, अशी पाळी गेल्या शतकांत अनेक रोग्यांवर आली. रोग जावयाचा, परंतु चेहऱ्यावर व्रण राहावयाचा, आणि गिळणें व बोलणें यांची घडी पुन्हां बसण्यास फार काळ लागावयाचा. रोगाची जखम लहान आणि वाटेची जखम मोठी, असा हा उफराटा हिशेब होता. आज ज्या शस्त्रक्रियेला आपण घरोघरीं ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतों, तिचा सारा खटाटोप हा हिशेब सुलटा करण्यासाठीं आहे. तो कोठवर साधला, कोठें साधला नाहीं, आणि आपल्या घरांशीं त्याचा काय संबंध, हें आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

निसर्गानें या प्रदेशाला तोंड आणि नाक असे दोन दरवाजे दिलेलेच आहेत. मग भिंत कां फोडावी, असा प्रश्न सहज सुचेल. परंतु दरवाजा उघडा असला तरी आंत अंधार होता, वाट वांकडी होती, आणि दोन हात शिरतील एवढी रुंदी नव्हती. म्हणून या विद्येचा इतिहास म्हणजे उजेड, डोळा आणि हात या तिघांना आंत नेण्याचा इतिहास होय.

त्यांतील पहिलें पाऊल कोणा वैद्यानें टाकलें नाहीं. तें टाकलें गायन शिकविणाऱ्या एका गुरूनें. मान्युएल गार्सिया हे जन्मानें स्पॅनिश. गातांना कंठांत काय घडतें हें प्रत्यक्ष पाहावें असा त्यांना ध्यास होता. १८५४ सालीं त्यांनीं दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहानसा आरसा स्वतःच्या घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि आपलेच स्वरतंतु उघडतांना व मिटतांना पाहिले. पुढच्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यांचा निबंध आला. ज्या कंठाचें दर्शन तोंवर बहुधा मृताच्या शरीरांतच होत असे, तो जिवंतपणीं दिसूं लागला.

आरशांतील प्रतिबिंबावर नजर ठेवून हत्यार चालविणें मात्र कठीण. १८९५ सालीं बर्लिनचे आल्फ्रेड किर्स्टाइन यांनीं आरसा बाजूला सारून सरळ नळीवाटे स्वरयंत्र पाहण्याची रीत काढली. तरीही ती नळी धरण्यांत वैद्याचा एक हात अडके. गुस्टाफ किलियान यांनीं १९१२ च्या सुमारास ती वरून टांगून ठेवण्याची युक्ति केली आणि दोन्ही हात मोकळे झाले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत ऑस्कर क्लाइनझासर या जर्मन वैद्यानें तीच नळी आणि शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक यांची जोड घातली. सुमारें चाळीस सेंटिमीटर अंतरावरून, दोन्ही डोळ्यांनीं, स्वरतंतूवरील मोहरीएवढा फोडही मोठा होऊन दिसूं लागला.

यानंतर आलें तें लेसर. बोस्टन येथील स्ट्राँग व जाको या दोघांनीं १९७२ च्या सुमारास कर्बवायूचें, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचें, लेसर स्वरयंत्रावर वापरण्यास प्रारंभ केला. हेंच लेसर कां, तें समजण्यासारखें आहे. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु पाणी तो तत्काळ शोषून घेतें. शरीराचें मांस बहुतांशीं पाणीच असल्यामुळें किरणाची सारी उष्णता पृष्ठभागींच खर्च होते. खालच्या थराला झळ फार थोडी लागते, आणि बारीक रक्तवाहिन्या त्याच वेळीं मिटत जातात. शिवाय किरणाला दांडा नसतो, म्हणून अरुंद नळींत दृष्टीच्या आड कांहीं येत नाहीं. याला धोक्याची बाजूही आहे. भूल दिलेल्या रोग्याच्या श्वासनळींत प्राणवायूची रबरी नळी असते, आणि तींवर किरण पडला तर ती पेट घेऊं शकते. म्हणून अशा वेळीं विशेष प्रकारची नळी वापरावी लागते व आसपास ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्या लागतात.

या साधनानें एक जुना नियमही मोडला. कर्करोगाची गांठ मध्यें न कापतां अखंड काढावी, असा शस्त्रवैद्यांचा दंडक होता. जर्मनीतील वोल्फगांग श्टाइनर यांनीं उलट वाट धरली. त्यांनीं गांठ लेसरनें मधून चिरली, ती किती खोल गेली आहे तें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, आणि तेवढाच भाग तुकड्यातुकड्यांनीं काढला. प्रत्येक तुकड्याची कड तपासून घेतली. रोग जेथें संपतो तेथेंच शस्त्र थांबवितां आल्यामुळें, स्वरयंत्राच्या लहान कर्करोगांत बाहेरून गळा न चिरतां आणि संपूर्ण स्वरयंत्र न गमावतां रोग काढणें शक्य झालें.

परंतु प्रकाशाचा किरण सरळ जातो आणि घसा वळतो. जिभेचें मूळ त्या वळणाच्या पलीकडे आहे. तेथें पोहोंचण्यास यंत्राचा हात उपयोगी पडला. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत वाइनस्टीन व ओमॅली यांनीं ही रीत बसविली, आणि डिसेंबर २००९ मध्यें त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनानें तिला मान्यता दिली. यांत तोंडावाटे एक दुर्बीण व बोटाएवढ्या जाडीच्या आंतील दोन हत्यारें सोडतात. शस्त्रवैद्य कांहीं फुटांवर बसून घशाचें खोलीसह दिसणारें चित्र पाहतो आणि आपल्या बोटांनीं त्या हत्यारांना चालवितो. हत्यारांचीं टोकें मनगटाप्रमाणें वळतात. माणसाच्या हाताचा कंप यंत्र गाळून टाकतें. याला ‘रोबो’ म्हणतात म्हणून तें आपल्या बुद्धीनें कापतें असें कोणीं समजूं नये. निर्णय सर्वस्वी माणसाचाच असतो.

आतां दुसऱ्या दरवाजाकडे वळूं. मेंदूच्या तळाशीं, नाकाच्या अगदीं मागें, हाडाच्या खोबणींत वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिच्या लगतच वर दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची चौकडी. या ग्रंथींत गांठ वाढली म्हणजे दृष्टि हळूहळू अधू होते. कवटी उघडून तेथें जावयाचें तर मेंदू उचलावा लागतो. १९०७ सालीं इन्सब्रुक येथें हेर्मान श्लोफर यांनीं नाकाच्या वाटेनें ती गांठ प्रथम काढली, पण त्यासाठीं नाक चिरून बाजूला करावें लागलें. १९१० सालीं व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श यांनीं नाकपुडीवाटे तेंच साधलें. सुप्रसिद्ध हार्वे कुशिंग यांनीं ओंठाखालून ही वाट पुष्कळ वर्षें चालविली आणि नंतर सोडून दिली. खोल, अंधाऱ्या बोळांतून काम करण्यापेक्षां कवटी उघडणें त्यांना बरें वाटलें. वाट चुकीची नव्हती. उजेड कमी होता.

तो उजेड आणला इंग्लंडचे पदार्थवैज्ञानिक हॅरल्ड हॉपकिन्स यांनीं. जुन्या दुर्बिणींत लांब पोकळ नळी व मधूनमधून लहान भिंगें असत. १९५९ सालीं हॉपकिन्स यांनीं हा क्रम उलटा केला. नळी कांचेच्या दांड्यांनीं भरली आणि मध्यें हवेच्या लहान फटी ठेवल्या. त्यामुळें पेन्सिलीपेक्षांही बारीक नळींतून कितीतरी अधिक प्रकाश व स्वच्छ चित्र मिळूं लागलें. टोंक तिरकें केल्यास कोपऱ्याआडचेंही दिसूं लागलें. १९९० नंतरच्या दशकांत पिट्सबर्ग येथील जो व काराऊ यांनीं केवळ अशा दुर्बिणीच्या साह्यानें नाकपुडीवाटे पिट्यूटरीच्या गांठी काढण्याची पद्धति रूढ केली.

येथें एक अडचण मागें राहिली होती. दार उघडतां येई, पण नीट लावतां येत नसे. मेंदूभोंवतीचें पाणी नाकावाटे झिरपे आणि त्या वाटेनें जंतु आंत शिरण्याचें भय राही. नाकाच्या पडद्यावरील त्वचेचा पदर त्याच्या रक्तवाहिनीसकट सोडवून त्या भोंकावर पसरण्याची युक्ति अर्जेंटिनांतील हदाद व बासागास्तेगी यांनीं काढली. २००६ सालीं ती प्रसिद्ध झाल्यावर नाकाच्या वाटेनें मोठ्या शस्त्रक्रिया करणें खऱ्या अर्थानें सुरक्षित होऊं लागलें.

इतकें ऐकल्यावर कोणाचीही समजूत होईल कीं, जखम जितकी लहान तितकी शस्त्रक्रिया चांगली. ही समजूत तपासून घेतली पाहिजे, कारण प्रश्न जिवाचा आहे.

थायरॉईडच्या गांठीचें उदाहरण घ्या. मानेवर व्रण राहूं नये म्हणून खालच्या ओंठाच्या आंतून दुर्बीण मानेपर्यंत नेण्याची रीत बँकॉकचे अनुवाँग यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केली. व्रण खरोखरच दिसत नाहीं, आणि ज्यांना तो नकोसा वाटतो त्यांना ही सोय मोलाची आहे. परंतु ओंठापासून मानेपर्यंत त्वचेखालील वाट मोकळी करावी लागते. आणि ग्रंथीमागून जाणारी आवाजाची नस सांभाळण्याचें काम दोन्ही रीतींत सारखेंच नाजूक असतें. व्रण लपविणें वेगळें आणि जखम लहान करणें वेगळें. यंत्राच्या हाताचीही परीक्षा झाली आहे. घशाच्या कर्करोगांत किरणोपचार, ज्याला आपण ‘शेक’ म्हणतों, आणि तोंडावाटे रोबोची शस्त्रक्रिया यांची तुलना करणारा एक प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षानंतर गिळण्याच्या शक्तींत शेक घेतलेल्यांचे गुण किंचित् सरस होते. फरक व्यवहारांत जाणवेल एवढा नव्हता. मात्र शस्त्रक्रियेच्या गटांत एक रोगी रक्तस्रावानें दगावला. नव्या साधनाला नवेपणाचे गुण देऊन चालत नाहीं.

सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. तोंडाचा कर्करोग प्रथम मानेंतील लसीकाग्रंथींत पसरतो. १९०६ सालीं जॉर्ज क्राइल यांनीं या ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायु, शीर आणि खांद्याची नसही काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. पुढें सुआरेझ व बोक्का यांनीं स्नायु, शीर व नस राखून केवळ ग्रंथि काढण्याची रीत दाखविली. यावर पुढचा प्रश्न निघाला. ज्याच्या मानेंत गांठ लागत नाहीं, त्याच्या मानेला हात न लावतां वाट पाहावी काय? टाटा मेमोरियल रुग्णालयानें हें प्रत्यक्ष तपासलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत, तोंडाच्या लहान कर्करोगाच्या पांचशें रोग्यांपैकीं ज्यांच्या मानेंतील ग्रंथि पहिल्याच वेळीं काढल्या त्यांतील ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. वाट पाहिली त्यांतील ६७.५ टक्के. जी कमी कापाकापी वाटत होती, ती अनेकांना प्राणघातक ठरली.

यापुढेंही एक पाऊल पडलें आहे. गांठीजवळ किरणोत्सर्गी द्रव्याचा अल्पसा थेंब टोंचला म्हणजे तो ज्या ग्रंथींत प्रथम जातो ती ओळखतां येते. ती पहारेकरी ग्रंथि काढून कसून तपासावी. ती निर्दोष असेल तर बाकीच्या राखाव्या. या रीतीनें आयुर्मर्यादेंत उणेपणा येत नाहीं, असें फ्रान्स व जपान येथील २०२० व २०२१ मधील प्रयोगांनीं दाखविलें. येथें जखम लहान झाली ती आधीं निदान अचूक झालें म्हणून.

आपल्या देशांत पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागीं आहे, आणि तंबाखू व सुपारी हीं त्याचीं ठळक कारणें. गालाचा वा हिरडीचा रोग तर दारांतच, आरशासमोर दिसणारा. तेथें वाट लहान करण्यास रोबो लागत नाहीं, वेळ लागते. गांठ लहान असेपर्यंतच लहान शस्त्रक्रिया संभवते. जबड्यांत शिरलेल्या रोगापुढें कोणतीही दुर्बीण जबडा वांचवूं शकत नाहीं.

म्हणून दोन गोष्टी प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवाव्या. तोंडांतील व्रण, पांढरा किंवा तांबडा चट्टा, बसलेला आवाज अथवा मानेंतील गांठ तीन आठवड्यांत गेली नाहीं, तर घरगुती उपाय थांबवून वैद्याला दाखवावें. आणि शस्त्रक्रिया ठरली तर ‘व्रण केवढा राहील?’ याच्या आधीं विचारावें, ‘रोग समूळ निघेल काय? गिळणें, बोलणें व श्वास यांचें काय होईल? ही रीत आपण स्वतः किती वेळां केली आहे?’ चांगला शस्त्रवैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. या उत्तरांवर समाधान झालें, म्हणजे मग व्रणाविषयीं खुशाल विचारावें.