सभेत न बोललेलं

उन्हाळ्यात बारामतीहून इंदापूरकडे नीरा डाव्या कालव्याच्या बाजूनं निघालं, की हिरव्या उसाच्या मधेच एखादं रान पांढरं पडलेलं दिसतं. लांबून मीठ सांडल्यासारखं वाटतं आणि जवळ गेलं तर ते मीठच असतं. पावसाळ्यात त्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात तिथलं ढेकूळ दगडासारखं होतं. माती तपासणारे ‘क्षारयुक्त’ आणि ‘चोपण’ असा भेद करतात. घरधनी एवढंच म्हणतो, “रान गेलं.”

दुखणं जुनं आहे. १८८५च्या सुमारास कालव्याला पाणी आलं आणि काळ्या, खोल, निचरा न होणाऱ्या जमिनींत ते मुरू लागलं. पाणी वर आलं, सोबत क्षार आले. पंचवीस वर्षांच्या आत, १९१० साली, हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यासाठी एक स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली.

काही वर्षांपूर्वी अशाच जमिनींविषयीच्या एका सभेला मी गेलो होतो. पहिल्या रांगेतल्या एका वजनदार गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालणं हाच उपाय. पुढचे सगळे वक्ते त्याच वाटेनं गेले. टाळ्या झाल्या, चहा झाला. बाहेर गाड्यांपाशी एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, “आवो, नळ्या टाकून पाणी जायाचं कुठं? खालच्या वढ्याचं तोंडच बुजलंय की.”

“मग आत का नाही बोललात, आबा?”

“सायेब बोलत व्हते. त्यांचं मोडून कसं बोलायचं?”

त्या दिवशी सभेत झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मोलाचं होतं, आणि ते कुठल्याच इतिवृत्तात आलं नाही. जाणत्या माणसाचं मत सभेच्या दडपणातून सोडवून कागदावर कसं आणायचं, या प्रश्नाला एक पद्धतशीर उत्तर आहे. त्याला ‘डेल्फी पद्धत’ म्हणतात. आता ती मुख्यतः इंटरनेटवरून राबवली जाते, आणि आपल्या भागाला तिची फार गरज आहे असं मला वाटतं.

सात तज्ज्ञ, पाच प्रश्नावल्या

पद्धतीचा जन्म मात्र युद्धाच्या सावलीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संस्थेत ऑलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांच्यापुढे एक भयंकर प्रश्न होता : अमेरिकेचं शस्त्रास्त्र-उत्पादन ठराविक प्रमाणात खाली आणायला शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील? मोजून उत्तर मिळण्यासारखं नव्हतं, जाणकारांच्या अंदाजावरच भागवायचं होतं. त्यांनी सात तज्ज्ञ निवडले, त्यांना एकत्र बसवलं नाही, आणि साधारण आठवड्याच्या अंतरानं पाच वेळा प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी इतरांची माहिती आणि कारणं नावाशिवाय पुढे पोहोचवली. सुरुवातीला सगळ्यांत मोठा अंदाज सगळ्यांत लहान अंदाजाच्या शंभर पट होता. शेवटी हे अंतर सुमारे दुपटीवर आलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा हा प्रयोग गोपनीय असल्यानं १९६३ साली प्रसिद्ध झाला. ग्रीसमधल्या डेल्फी इथल्या अपोलोच्या मंदिरात भविष्य सांगत, त्यावरून तत्त्वज्ञ अब्राहम कॅप्लन यांनी हे नाव सुचवलं होतं.

नाव देवळातलं असलं, तरी पद्धतीत कौल लावण्यासारखं काही नाही. ती चार खांबांवर उभी आहे. कुणी काय म्हटलं हे इतरांना कळत नाही. प्रश्न एकदा विचारून थांबत नाहीत, फेऱ्या होतात. दोन फेऱ्यांच्या मधे सगळ्यांच्या उत्तरांचा सार प्रत्येकाला परत मिळतो. आणि शेवटचं उत्तर हात वर करून ठरत नाही, ते आकड्यांतून मांडलं जातं.

यातला पहिला खांब मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भर सभेत एकदा मत दिलं, की ते बदलणं म्हणजे शब्द फिरवणं होतं. लोक काय म्हणतील या धास्तीनं माणूस चुकीच्या मतालाही चिकटून राहतो. नाव झाकलेलं असलं, की दुसऱ्याचं कारण पटल्यावर मत बदलताना मान खाली घालावी लागत नाही.

आपल्या रानासाठी फेऱ्या

समजा, आपण हे चोपण रानासाठी करायचं ठरवलं. पहिलं काम प्रश्न नेमका करण्याचं. ‘जमिनी कशा सुधाराव्यात?’ एवढ्यानं भागणार नाही. ‘बारामती-इंदापूर तालुक्यांतली खराब झालेली जमीन लागवडीला आणायची, तर पहिल्या पाच वर्षांत कोणती कामं, कोणत्या क्रमानं व्हावीत?’ असं विचारलं, की उत्तरं कामाची येतात.

दुसरं काम माणसं निवडण्याचं, आणि खरी कसोटी इथेच आहे. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांवरच संशोधन करते. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नीरेजवळ पाडेगावला १९३२पासूनचं ऊस संशोधन केंद्र आहे. इथले मृदाशास्त्रज्ञ हवेत, पाटबंधाऱ्याचे अभियंते हवेत, साखर कारखान्यांचे ऊसविकास अधिकारी हवेत. पण जेसीबीनं चर काढून पाइप घालणारा ठेकेदारही हवा. आपलं गेलेलं रान ताग-धैंचा गाडून, जिप्सम टाकून, पाणी आवरून परत आणलेले पाच-सहा शेतकरी हवेत. रात्रीच्या पाळीला दारं धरणाऱ्या बायाही हव्यात. ज्याला त्या प्रश्नाचा खरा अनुभव आहे तो तज्ज्ञ, मग पदवी असो वा नसो. पंचवीस-तीस माणसं पुरतात, पण ती सगळी एकाच गोटातली नकोत.

पहिल्या फेरीत मोकळा प्रश्न विचारायचा : तुमच्या मते काय करावं, आणि का? समन्वयक आलेली सगळी उत्तरं वाचतो, सारखी एकत्र करतो आणि चाळीस-पन्नास विधानं तयार करतो. ‘शेतातले पाइप घालण्याआधी ओढ्या-नाल्यांची तोंडं मोकळी करावीत.’ ‘पाटपाण्याऐवजी ठिबक सक्तीचं करावं.’ ‘खोडव्यावर खोडवा घेणं थांबवावं.’ ‘कालव्याला अस्तर करावं.’ विधान लिहिताना शक्यतो उत्तर देणाऱ्याचेच शब्द ठेवावेत, समन्वयकानं आपलं मत त्यात मिसळू नये. एका विधानात दोन गोष्टी कोंबू नयेत. एक पटणाऱ्या आणि दुसरी न पटणाऱ्या माणसानं मग गुण द्यायचे कसे?

दुसऱ्या फेरीत प्रत्येक विधानाला १ ते ९ गुण. साधारण १ ते ३ म्हणजे महत्त्वाचं नाही, ४ ते ६ म्हणजे मधलं, ७ ते ९ म्हणजे अत्यावश्यक. सगळे गुण चढत्या क्रमानं मांडले, की बरोबर मधला येतो तो मध्यक. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एखाद्यानं रागानं दिलेला टोकाचा गुण त्याला ओढून नेत नाही. मधल्या निम्म्या लोकांचे गुण कोणत्या दोन अंकांमधे आहेत, हेही सोबत दाखवतात. ते अंतर मोठं असेल, तर मतं फाटलेली आहेत हे लगेच दिसतं.

तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला तीन गोष्टी दिसतात : आपण दिलेला गुण, सगळ्यांचा मध्यक, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहिलेली कारणं. मग विचारायचं, तुम्ही आपल्या गुणावर ठाम आहात की बदलायचा आहे? ठाम असाल तर कारण लिहा.

एकमत कशाला म्हणायचं हे पहिली फेरी सुरू होण्याआधीच ठरवून लिहून ठेवावं, उदाहरणार्थ ७० किंवा ७५ टक्के लोकांनी ७ ते ९ गुण दिले तर. निकाल पाहून मग रेषा आखली, तर सगळ्या कष्टांवर पाणी पडतं.

इंटरनेटवर करताना

पूर्वी हे टपालानं चालायचं. प्रश्नावली पाठवणं, वाट पाहणं, हातानं हिशेब करणं यांत महिने जात. अमेरिकेत मरे ट्युरॉफ यांनी १९७०च्या सुमारास हीच पद्धत संगणकांच्या जाळ्यावर आणली. २००६ साली थिओडोर गॉर्डन आणि ॲडम पीझ यांनी ‘रिअल-टाइम डेल्फी’ मांडली. तिच्यात वेगळ्या फेऱ्या नसतात. माणूस हवं तेव्हा पानावर येतो, त्या क्षणापर्यंतचा सगळ्यांचा कल आणि कारणं वाचतो आणि आपलं उत्तर बदलू शकतो.

आपल्याकडे सुरुवात साध्या गूगल फॉर्मनंही होईल, पण काही काळजी घेऊन. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि क्रमांक-नावांची यादी फक्त समन्वयकाकडे ठेवावी. त्यामुळे फेऱ्यांमधली उत्तरं जोडता येतात आणि नावंही झाकलेली राहतात. एकच मेल सगळ्यांना, सगळ्यांचे पत्ते दिसतील असा पाठवू नये. फॉर्म भरणाऱ्याला इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दाखवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर पहिल्या दहा जणांचा कल उरलेल्यांवर बसतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा घेऊन तिला डेल्फी म्हणू नये, कारण तिथं प्रत्येक वाक्यावर नाव असतं आणि पहिल्या अंगठ्याबरोबर पुढचे अंगठे येतात.

फॉर्म मराठीत असावा, मोबाइलवर उघडावा, वीस मिनिटांत संपावा. ऊसतोडीच्या ऐन हंगामात पाठवू नये. ज्याला टाइप करणं जड जातं त्याला आवाज रेकॉर्ड करून उत्तर पाठवू द्यावं. ज्याच्याकडे रेंज नाही त्याच्याकडे कुणीतरी जाऊन लिहून आणावं. इंटरनेट सोयीसाठी आहे, माणसं गाळण्यासाठी नाही.

देश आणि जग

आपल्या देशाला ही पद्धत नवी नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘टायफॅक’ या संस्थेनं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ तयार केलं, तेव्हा जाणकारांच्या मतांतून भविष्याचा वेध घेण्याच्या या वाटेचाही उपयोग झाला. पुढे डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असताना ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०३५’ झालं आणि ते २०१६च्या जानेवारीत म्हैसूरच्या विज्ञान काँग्रेसमधे प्रसिद्ध झालं.

करोनाच्या काळात तर माणसं एकत्र बसूच शकत नव्हती. आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने राहणाऱ्या त्रासाला काय म्हणायचं, यावर जगभर गोंधळ होता. जागतिक आरोग्य संघटनेनं डेल्फीच्या फेऱ्या घेऊन ऑक्टोबर २०२१मधे त्याची व्याख्या ठरवली. त्या फेऱ्यांत डॉक्टर आणि संशोधकांसोबत रुग्णही होते, कारण त्या त्रासाचे खरे जाणकार तेच. २०२२ साली ‘नेचर’मधे आणखी मोठं काम आलं. ११२ देश आणि प्रदेशांतल्या ३८६ जाणकारांनी करोनाचं संकट संपवण्यासाठी ४१ विधानं आणि ५७ शिफारशी ठरवल्या होत्या.

एकमताचा मोह

पण एकमत म्हणजे सत्य नव्हे. सगळे जाणकार एकत्रितपणे चुकू शकतात. रँडमधल्याच हॅरॉल्ड सॅकमन यांनी १९७०च्या दशकात या पद्धतीवर सडकून टीका केली. प्रश्न ढोबळ असतात, तज्ज्ञ कसे निवडले ते सांगत नाहीत, आणि नाव झाकलेलं असल्यानं उत्तराची जबाबदारी कुणी घेत नाही, असे त्यांचे आक्षेप होते. ते आजही समोर ठेवूनच काम करावं लागतं.

मला दुसरी भीती जास्त वाटते. फेऱ्या वाढत जातात तशी माणसं गळत जातात, आणि बहुतेकदा ज्यांचं मत वेगळं तीच आधी कंटाळतात. मग शेवटी जे एकमत दिसतं ते मतं जुळल्यामुळे दिसतं की वेगळं म्हणणारा निघून गेल्यामुळे? म्हणून किती जणांनी सुरुवात केली, किती उरले आणि गेलेल्यांची मतं काय होती, हे अहवालात लिहिलंच पाहिजे. ज्या विधानांवर एकमत झालं नाही, त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं पाहिजे. चोपण रानाच्या बाबतीत तर तेच प्रकरण मी आधी वाचेन. कालव्याच्या वरच्या अंगाचं रान आणि ओढ्याकाठचं खालचं रान यांची गरज वेगळी असते. तिथं मतं फाटली असतील, तर बहुधा रानंच वेगळी आहेत असा त्याचा अर्थ असेल.

गाड्यांपाशी बोललेल्या आबांचं वाक्य अशा फेरीत पहिल्याच दिवशी, मोकळ्या प्रश्नाखालच्या चौकटीत आलं असतं. पुढच्या फेरीत ते सगळ्यांसमोर विधान म्हणून गेलं असतं. पहिल्या रांगेतल्या त्या गृहस्थांनाही ते वाचावं लागलं असतं, आणि ते कुणाचं हे कळलं नसतं. कदाचित त्यांनी त्याला ९ गुण दिले असते. त्यांना पाण्याची वाट कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर ते कुणी बोललंच नव्हतं.