गाणं नंतर, आधी गाडी!

मैत्रिणींनो, ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? सिनेमातला हीरो, गळ्यात रुमाल, शेजारी केस उडवणारी नायिका! मलाही तसंच वाटायचं. पण लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, अशी गाडी माझ्याच दारात येईल नि रस्त्याच्या कडेला तिची डिकी उघडून पाना हातात घ्यायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

आम्ही इंग्लंडमधल्या एका लहानशा शहरात राहतो. माझं माहेर मिरजेचं. २०१२ साली मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, घर ओकंओकं वाटू लागलं आणि आमच्या ह्यांच्या मनातली जुनी हौस वर आली. एका शनिवारी हे बाहेर पडले ते लाल रंगाची, कापडी टपाची माझदा एमएक्स-५ घेऊनच परतले. गाडी १९९५ सालची, म्हणजे सतरा वर्षांची!

“अहो, दोनच सीटा? बाजारहाट कुठे ठेवायचा?” मी विचारलं.

“मांडीवर!” हे म्हणाले.

माझा राग चांगला आठवडाभर टिकला. मग एका रविवारी टप खाली करून हे मला फिरवून आले, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ती आवडली. ही गाडी जपानी. पहिली निघाली १९८९ साली. जुन्या इंग्लिश उघड्या गाड्यांची गंमत जपानच्या भरवशाच्या यंत्रात आणायची, अशी कल्पना होती. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. २०१६ सालापर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. तेव्हा हिला केवळ श्रीमंतांचं खेळणं म्हणता येणार नाही. जुनी गाडी मध्यमवर्गीयालाही परवडते. परवडत नाही तो निष्काळजीपणा!

चार आण्याची कोंबडी

ह्यांना नाट्यसंगीताचं वेड. गाडीतला मूळचा सेट खरखरायचा, म्हणून पहिल्याच वर्षी नवा सेट आला, दारांत नवे स्पीकर आले. पुढच्या वर्षी आणखी भारी स्पीकर. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! मी मात्र एक विचारत होते, “अहो, पावसात माझ्या पायाखाली ओलं का लागतं?” हे म्हणायचे, “कापडी टप आहे, थोडं झिरपायचंच.”

ते झिरपणं नव्हतं. ह्या गाडीत टपावरून येणारं पाणी वाहून जायला सीटांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. त्यात पानं, माती अडकली की पाणी तुंबतं आणि गाडीच्या उंबऱ्यात, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, शिरतं. वरून रंग चकचकीत, आतून गंज. त्यातून इथे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरसाल सरकारी नियमाप्रमाणे तपासणी होते. २०१५ साली त्या तपासणीत आमची गाडी नापास झाली. दोन्ही उंबरे कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागला. त्या बिलात माझ्या मिरजेच्या तिकिटाचे साठवलेले पैसे गेले. त्या वर्षी आईला भेटायचं राहिलं.

महिन्यातून एकदा कपभर कोमट पाणी त्या भोकांत ओतून ते गाडीखाली पडतं का पाहायचं, एवढंच काम होतं! आपण न्हाणीघराची मोरी तुंबू देतो का?

तंबोऱ्याच्या मागचा सूर

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा घरी आला. बाबांना वाढदिवसाची भेट म्हणून त्याने अँप्लिफायर आणला नि एका दुपारात बसवलाही. आवाज खरोखर मोठा, भरदार झाला. पण पहिल्याच फेरीत मला काहीतरी खटकलं. मिरजेला आमच्या घराजवळ तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं होती, लहानपणापासून जवारी लावताना ऐकत आले. गाण्यातल्या तंबोऱ्याच्या मागे आणखी एक बारीक सूर होता. गाडीचा वेग वाढला की तो चढायचा, गाडी थांबली की उतरायचा.

“अरे, गाण्यात गाडी गातेय,” मी म्हटलं.

“आई, तुला यातलं काय कळतं? जुनं रेकॉर्डिंग असेल,” चिरंजीव म्हणाले. ह्यांनी आवाज थोडा वाढवला नि सूर झाकला गेला.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रावर निघालो होतो. वाटेत मला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मी गाडी थांबवायला लावली. ह्यांनी किल्ली काढली, तरी वास थांबेना. उलट सीटांच्या मागून धुराची बारीक रेघ वर आली. आता ऐका. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी सीटांच्या मागे असते, आणि बॅटरी तिच्याही मागे, डिकीत! माझ्या पायांतलं बळच गेलं. ज्वाळा नव्हत्या, म्हणून ह्यांनी डिकी उघडली, नि पिशवीतला दहा नंबरचा पाना काढून मी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली. हात इतके थरथरत होते की नट दोनदा निसटला. वायर सुटली तसा धूर थांबला.

झालं होतं असं. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची जाड वायर पत्र्याच्या भोकातून ओढलेली, भोकाला रबरी कडं नाही. गाडीच्या हादऱ्यांनी वायरचं आवरण घासलं आणि आतली तार पत्र्याला टेकली. मध्ये फ्यूज असता तर तो उडून गोष्ट तिथेच संपली असती. पण फ्यूजच लावला नव्हता! आणि वायर थेट बॅटरीवरून असल्यामुळे किल्ली काढून काही उपयोग नव्हता. तो चढता सूरही तिथलाच. अर्थिंगची वायर रंगावरच कसलेली, नि गाण्याची नाजूक वायर करंटच्या जाड वायरला खेटून टाकलेली. त्यामुळे गाडीची वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरत होता. गाडी तीन आठवडे सांगत होती की काम घाईत झालंय. आम्ही आवाज वाढवून तिचं तोंड बंद केलं.

मुलाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “आई, मी येतो, सगळं काढून नव्यानं करतो. तू शेजारी उभी राहा.” आणि मी राहिले!

गाडीची वही

त्या दिवसापासून आमच्याकडे दुधाच्या वहीशेजारी गाडीची वही आली. ती मी ठेवते. तुमच्या दारात लाल स्पोर्ट्स कार नसेल, साधी चारचौघांसारखी गाडी असेल. तरी यातलं बरंचसं तुम्हालाही उपयोगी पडेल.

ऑइलची पट्टी दर पंधरवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना पाहावी. गाडी कमी चालली तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावंच. आमच्या गाडीचं ऑइल जुनं झालं की सकाळी इंजिनातून ‘टक् टक्’ असा शिवणाच्या मशीनसारखा आवाज येतो. ती आठवण समजावी.

टायरची नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारं होतं. हौशीच्या गाडीचं तर विशेष, कारण ती बहुतेक वेळ उभीच असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबराला भेगा दिसल्या तर दाखवून घ्यावं.

ब्रेकमधून ‘चीं’ असा बारीक आवाज येऊ लागला तर पॅड संपत आल्याची खूण असू शकते. पॅडमध्ये तेवढ्यासाठीच पत्र्याची पट्टी ठेवलेली असते. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या सरकत्या पिना गंजून अडकतात. त्या वर्षातून एकदा साफ करून ब्रेकचंच खास ग्रीस लावून घ्यावं. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवावं.

टायमिंग बेल्ट हा रबरी पट्टा दिसत नाही म्हणून विसरला जातो. आमच्या गाडीला तो साठ हजार मैलांना, म्हणजे सुमारे शहाण्णव हजार किलोमीटरला, बदलतात. तेव्हाच पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, कारण खोलाखोलीची मजुरी तीच. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असेल. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते.

कापडी टपाच्या गाडीला मागे प्लॅस्टिकची खिडकी असेल तर टप उतरवण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट ठेवावी, आणि कडाक्याच्या थंडीत घडी घालू नये, तडा जातो. डिकीतली बॅटरी बदलताना स्वस्त मिळाली म्हणून साधी बसवू नये. बंद जागेत वायू साठू नये म्हणून तिथे सीलबंद जातीची, बाहेर नळी काढलेली बॅटरी लागते. आणि खारी हवा तुमच्या रत्नागिरी-मालवणलाही आहेच. तिथल्या बायकांनी गाडी धुताना खालच्या अंगाला गोड्या पाण्याचा फवारा मारायला विसरू नये.

आता गाणं

एवढं झालं की खुशाल गाण्याकडे वळा. उघड्या गाडीत वाऱ्याचा नि रस्त्याचा आवाज खर्ज गिळून टाकतो, म्हणून मोठा ढब्बू डबा डिकीत ठेवून जागा अडवू नये. दारातले दोन चांगले स्पीकर आणि एक लहान अँप्लिफायर पुरे. ह्या जातीच्या काही गाड्यांत डोकं टेकायच्या उशीतच स्पीकर असतात, ते टप उघडा असताना फार कामाला येतात. स्पीकर घेताना नुसती रुंदी नव्हे, खोलीही मोजावी. खिडकीची काच दारातच खाली उतरते, तिला तो आडवा येता कामा नये. खोक्यावरचा ‘मॅक्स’ वॅटचा भला मोठा आकडा पाहून भुलू नका, ‘आर.एम.एस.’ लिहिलेला आकडा खरा.

बसवणारा दुकानदार असो की घरचा मुलगा, पाच गोष्टी स्वतः विचारा:

१. बॅटरीपासून वीतभर, फार तर दीड फुटाच्या आत फ्यूज लावला का? तो वायरच्या जाडीला साजेसा आहे का?

२. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं आहे का?

३. अर्थिंगची वायर आखूड आहे का, नि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसली का?

४. करंटची वायर एका बाजूने नि गाण्याची दुसऱ्या बाजूने नेली का?

५. गाडीच्या मूळ वायरी कापल्या तर नाहीत ना? जोडायला तयार प्लग मिळतात. नव्या गाडीची वायर कापली तर वॉरंटीचं भांडण उभं राहतं.

अँप्लिफायर किल्लीबरोबर बंद होतो ना, हेही पाहून घ्या. नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली. आवाज इतकाच ठेवा की मागून येणारी अँब्युलन्स ऐकू येईल. आणि कधी धूर दिसला तर गाडी थांबवून आधी सगळ्यांनी उतरावं. ज्वाळा दिसल्या तर डिकी नि बॉनेट काहीही उघडू नये, लांब जाऊन आगीचा बंब बोलवावा. पाना चालवायचं धाडस तेव्हा नको!

मुलाने सगळं नव्यानं बसवलं त्या संध्याकाळी आम्ही गाडी काढली. ह्यांनी मला विचारलं, “काय, लावू का गाणं?” मी म्हटलं, “थांबा. आधी दोन मैल नुसती गाडी ऐकू द्या.” टक् टक् नव्हतं, चीं नव्हतं. मग गाणं लागलं. तंबोऱ्याच्या मागे काही नव्हतं, नुसता तंबोरा होता. पुढच्याच वर्षी मी मिरजेला जाऊन आले, आणि तिकिटाचे पैसे गाडीच्या वहीतूनच शिल्लक निघाले होते!