मैफल संपल्यानंतरचा प्रवास : शेवटची लोकल आणि साठीनंतरचे शरीर

मोठ्या मैदानावरचा संगीताचा कार्यक्रम ही आता केवळ तरुणांची हौस राहिलेली नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. हा वाद्यवृंद १९७६ साली स्थापन झाला. ज्यांनी त्याची गाणी महाविद्यालयीन वयात कॅसेटवर ऐकली, ती पिढी आता साठीच्या आसपास आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ या तारखांना त्याच मैदानावर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. मुलांनी वा नातवंडांनी “आजी, आजोबा, तुम्हीही चला” असा आग्रह धरावा, असे हे दिवस आहेत. प्रकृती साथ देत असेल तर या आग्रहाला आनंदाने होकार द्यावा.

मात्र अशा वेळी जाण्याची तयारी जितक्या बारकाईने होते, तितकी परतण्याची होत नाही. तिकिटे, कपडे, बसण्याची जागा यांची चर्चा आठवडाभर चालते. परतीच्या प्रवासाबद्दल मात्र “शेवटची लोकल मिळेलच की” एवढेच म्हटले जाते. साठी ओलांडलेल्या शरीराला त्या रात्री सर्वाधिक ताण पडतो तो याच टप्प्यावर. म्हणून आरंभीच एक नियम मनाशी पक्का करावा : शेवटची लोकल ही आपली गाडी नव्हे. तिच्या आधीची, शक्यतो त्याहीआधीची गाडी आपली.

गर्दी नेमकी केव्हा असते?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य शासन वर्षातील पंधरापर्यंत दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. एरवी उघड्या मैदानावरचा कार्यक्रम दहाच्या सुमारास संपवावाच लागतो. लोकल त्यानंतरही चालू असतात. म्हणजे खरी अडचण वेळेची नसते, ती एकाच क्षणी उठणाऱ्या माणसांची असते.

थोडा हिशेब करून पाहा. या स्टेडियमची आसनक्षमता सुमारे ४५,००० आहे. त्यांपैकी केवळ एक तृतीयांश लोक रेल्वेकडे वळले असे धरले, तरी ते १५,००० होतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसण्याच्या जागा साधारणतः हजार-बाराशे. या सर्वांना बसून जायचे झाले तर तेरा ते पंधरा गाड्या लागतील. त्यामुळे अखेरचे गाणे संपताच जो धावत सुटतो, तो सर्वांत दाट गर्दीत सापडतो. आणि जो शेवटच्या गाडीसाठी थांबतो, त्याला चुकण्याची मुभाच उरत नाही. या दोन्हींच्या मधली वेळ आपली असते.

तेव्हा आपल्यापुढे दोनच शहाणे मार्ग राहतात. अखेरची दोन-तीन गाणी सोडून वीस-पंचवीस मिनिटे आधी निघावे, किंवा कार्यक्रम संपल्यावर जागेवरच स्वस्थ बसून गर्दी ओसरू द्यावी. यांतला कोणता निवडावा, हे गाडीच्या वेळेवरून घरीच ठरवावे. गाणे रंगात आले असताना हा निर्णय नीट होत नाही.

वेळेचा उलटा हिशेब

हिशेब घड्याळापासून नव्हे, गाडीपासून मागे करावा. समजा, आपण सव्वाअकराची एखादी गाडी निवडली आहे. स्टेडियमपासून नेरुळ स्थानकापर्यंतच्या ज्या चालीला तरुण माणसाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तिला आपल्यासाठी विश्रांतीसह पाऊण तास धरावा. आसनापासून प्रवेशद्वाराबाहेर पडण्यास वीस मिनिटे. स्थानकातील जिना, योग्य फलाट आणि योग्य डब्याची जागा यांसाठी पंधरा मिनिटे. एकूण झाली ऐंशी मिनिटे. म्हणजे दहाला पाच कमी असतानाच उठावयास हवे. आपल्या दिशेला त्यानंतरही दोन गाड्या असतील, तरच अर्धा तास बसून राहण्याची चैन परवडते.

येथे दिशा फार महत्त्वाची. नेरुळहून मुंबई, पनवेल, ठाणे आणि उरण अशा चार दिशांना गाड्या जातात आणि प्रत्येक दिशेची शेवटची वेळ वेगळी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पनवेलकडे मध्यरात्रीनंतरही गाडी सुटते, हे ठाऊक असलेले पुष्कळ जण उलट दिशेलाही तसेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात मुंबईकडे येणारी शेवटची गाडी बरीच आधी निघून जाते. डोंबिवलीकराला ठाण्यास, तर अंधेरीकराला वडाळ्यास गाडी बदलावी लागू शकते. अशांनी पुढच्या गाडीची वेळही पाहावी. वेळापत्रक बदलते आणि दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतले जातात, म्हणून आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वेळ तपासावी. परतीचे तिकीट जातानाच काढून ठेवावे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठरवावी : गाडी चुकलीच, तर काय? वाशी-नेरुळ भागात कुणा नातलगाकडे रात्र काढता येईल का, टॅक्सी कोठून करायची, त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवायचे? कार्यक्रमाच्या दिवशी वाहतूक पोलीस स्टेडियमभोवतीचे काही रस्ते बंद ठेवतात, त्यामुळे रिक्षा दाराशी येईल असे समजू नये. हा दुसरा मार्ग आधीच ठरलेला असला, की गाडीसाठी जिवावर उदार होऊन धावण्याची वेळ येत नाही.

चार तासांनंतर शरीराची अवस्था

तीन-चार तास एका जागी बसल्यावर रक्त व द्रव पायांकडे साचतात, घोटे सुजतात, गुडघे आखडतात. अशा वेळी झटकन उठल्यास रक्तदाब एकाएकी खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तदाबाची, प्रोस्टेटची किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्यांमध्ये हे अधिक आढळते. म्हणून उठण्याआधी बसल्या बसल्या टाचा-चवडे वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावेत. मग आसनाचा आधार घेऊन उभे राहावे आणि मिनिटभर थांबूनच पहिले पाऊल टाकावे.

डोळ्यांचेही असेच. वयानुसार बाहुली लहान होते आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. रंगमंचावरच्या झगमगाटानंतर पायऱ्यांच्या कडा दिसेनाशा होतात. मोतीबिंदू असल्यास समोरून येणारे दिवे अधिकच चकाकतात. लहान विजेरी सोबत असावी आणि सोबतच्या व्यक्तीने हात धरून ओढण्याऐवजी आपला दंड आधाराला द्यावा.

कानांची काळजी तर आरंभापासूनच घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी, असे मानक सांगितले आहे; हा आवाजही मोठाच होय. ध्वनिक्षेपकांपासून दूरची जागा घ्यावी आणि कानांत मऊ बोळे घालावेत. कार्यक्रमानंतर कान काही काळ बधिर झाले, तर मागून येणारे वाहन वा फलाटावरील घोषणा ऐकू येत नाही. सोबत्याने हे ध्यानात ठेवावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी बाहेर पडताना ते पुन्हा नीट लावून घ्यावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मोठ्या ध्वनिक्षेपकांना टेकून उभे राहू नये, कारण त्यांत शक्तिशाली चुंबक असतात.

पाणी, जेवण आणि गोळ्या

स्वच्छतागृहाची रांग टाळावी म्हणून दिवसभर पाणीच न पिणे, हा ज्येष्ठांचा, विशेषतः स्त्रियांचा, नेहमीचा उपाय असतो. त्याने थकवा, चक्कर आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ओढवतो. दुपारपर्यंत नेहमीप्रमाणे, नंतर घोट घोट पाणी प्यावे आणि कार्यक्रम संपण्याच्या बराच आधी एकदा स्वच्छतागृहास जाऊन यावे. लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये.

मधुमेह असल्यास रात्रीच्या जेवणाची वेळ हा कळीचा मुद्दा असतो. औषध वेळेवर, जेवण मात्र घरी पोहोचल्यावर बाराला, आणि मधे पाऊण तासाची चाल असे झाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेले बोलणे ही तिची चिन्हे. ती दिसताच साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि १५ मिनिटांनी प्रकृती पुन्हा पाहावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. प्रवेशद्वारावर बाहेरचे खाद्यपदार्थ अडवले जातात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत औषधांसोबत ठेवावी.

जिना, फलाट आणि डब्याचे दार

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसात झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. दाट गर्दीत माणसे प्रामुख्याने तुडवली गेल्याने नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने दगावतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यामुळे जिन्यावर माणसे खांद्याला खांदा लावून थबकलेली दिसली, तर त्यात शिरूच नये. मोकळ्या जागी बाजूला उभे राहावे आणि एक गाडी जाऊ द्यावी. गर्दीत सापडलोच, तर दोन्ही हात छातीपुढे घडी घालून श्वासापुरती जागा राखावी, प्रवाहाच्या विरुद्ध जोर न लावता तिरपे सरकत कडेला यावे आणि खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि एक हात सतत कठड्यावर असावा. सरकता जिना गर्दीच्या वेळी टाळलेला बरा. वरच्या टोकाला माणसे थांबली असली तरी तो मागच्यांना पुढे ढकलतच राहतो. लोकल स्थानकात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. म्हणून कोणत्या डब्यात चढायचे, हे आधीच ठरवावे. वडील आणि मुलगी असे दोघे असतील तर महिलांचा डबा उपयोगी नाही, हे ऐन वेळी आठवू नये. गाडी हलली की दाराकडे पाऊलही टाकू नये.

चालताना छातीत जडपणा, जबड्यात वा डाव्या हातात दुखणे, एकाएकी दम लागणे किंवा थंड घाम यांपैकी काही जाणवल्यास तेथेच बसावे. स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये छाती न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. घरी जाऊन पाहू, असे न म्हणता रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हे क्रमांक फिरवावेत.

काळजीवाहकांसाठी

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच मान्य करावे, की अखेरचे गाणे कदाचित आपल्यालाही सोडावे लागेल. ते सोडताना नाराजी दाखवली, तर आई-वडील पुढच्या वेळी त्रास होत असूनही सांगणार नाहीत. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीचा गोंधळ सायंकाळनंतर वाढतो. तिला अशा गर्दीत नेऊ नये. मैदानात मोबाइलचे जाळे कोलमडते, त्यामुळे चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरवावी आणि ज्येष्ठांच्या खिशात नाव, आजार, औषधे व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

कधी कार्यक्रमाला काळजीवाहक एकटाच जातो आणि आजारी आई किंवा वडील घरी असतात. अशी संध्याकाळ घेणे हा स्वार्थ नव्हे. सतत सेवा करणाऱ्या माणसालाही विसावा हवा असतो. मात्र मध्यरात्रीपर्यंत घरी कोण थांबणार, रात्रीची गोळी कोण देणार आणि गाडी चुकल्यास सकाळपर्यंत कोण सोबत करील, हे लिहून ठेवावे. आणि घरी वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांनो, आपण जागत बसल्याने लोकल लवकर येत नाही. नातवंडाने गाडीत बसल्यावर एक संदेश पाठवावा एवढे ठरवून घ्या, आपली गोळी वेळेवर घ्या आणि दिवा मालवून पडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतेही काम ठेवू नये. उशिरा उठलात तरी सकाळची औषधे चुकवू नयेत. पायांची सूज ओसरते का, कानांत गुणगुण राहते का, हे पाहावे. सूज एकाच पायाला असेल किंवा पोटरी दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कानांतील गुणगुण दोन दिवसांनंतरही टिकली तर तपासणी करून घ्यावी. सारे ठीक असेल, तर पुढच्या कार्यक्रमाची तारीख जरूर विचारावी आणि तिकिटांसोबत परतीच्या गाडीची वेळही कागदावर लिहून ठेवावी.