दुधाची तपासणी गोठ्याच्या दाराशी थांबते

यवतमाळ जिल्ह्यात दूध ग्राहकापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक वाट पिशवीबंद दुधाची, तर दुसरी जवळपासच्या गावांतून कॅनमधून येणाऱ्या सुट्या दुधाची. दोन्ही वाटांबाबत ग्राहकाची शंका एकच असते : दुधात पाणी तर घातले नाही? ही शंका रास्त आहे. पण दुधातील सर्वांत घातक दोष पाण्याचा नसतो. शिवाय तो दोष जेथे उत्पन्न होतो, तेथपर्यंत अन्न निरीक्षणाचा कायदाच पोहोचत नाही.

नगर परिषदेकडे बाजारपेठेची स्वच्छता, कचरा आणि पाणीपुरवठा या जबाबदाऱ्या असतात. दूध, मिठाई, उपाहारगृहे यांची कायदेशीर तपासणी मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 5 ऑगस्ट 2011 पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अमलात आला. त्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात वा संकलन केंद्रात शिरून नमुना घेऊ शकतात. नमुन्याची बाजारभावाने किंमत विक्रेत्याला द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग केले जातात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जातात आणि चौथा विक्रेत्याने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. दूध मात्र त्याच दिवशी पिऊन संपलेले असते. म्हणजे ही कारवाई दोषीला शासन करू शकते. ते दूध प्यालेल्यांचे रक्षण करू शकत नाही.

अहवालात दूध ‘कमी दर्जाचे’ ठरते की ‘असुरक्षित’, यावर पुढचे सारे अवलंबून असते. टोन्ड दुधात किमान 3 टक्के स्निग्धांश आणि 8.5 टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. पाण्यामुळे हे प्रमाण घटले, तर दूध कमी दर्जाचे ठरून 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोग्याला अपायकारक पदार्थ आढळल्यास ते असुरक्षित ठरते आणि कारावासाचीही तरतूद लागू होते. दुग्धमापी केवळ घनता सांगतो. पाण्यासोबत साखर वा युरिया मिसळून ही घनता पूर्ववत करता येते. म्हणून डेअरीवरील त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशातील 1,103 शहरांतून 6,432 नमुने तपासले. हेतुपुरस्सर घातक भेसळ आढळली ती अवघ्या 12 नमुन्यांत. याउलट 5.7 टक्के नमुन्यांत ‘अफ्लाटॉक्सिन एम-1’ हे विष मर्यादेपेक्षा अधिक होते. ते कोणी दुधात मिसळत नाही. ओलसर पशुखाद्यावर बुरशी वाढते, ते खाद्य जनावराच्या पोटात जाते आणि त्यातील विष रूप बदलून दुधात उतरते. एक किलो दुधात त्याची मर्यादा 0.5 मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळून जंतू मरतात, हे विष नष्ट होत नाही.

यवतमाळला याचे महत्त्व विशेष आहे. हा कापसाचा जिल्हा. सरकीची ढेप हे येथील दुभत्या जनावरांचे नित्याचे खाद्य. पावसाळ्यात ओल लागलेली ढेप बुरशीला आयतेच घर मिळवून देते. परंतु अन्न सुरक्षा कायद्यातील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. परिणामी अन्न सुरक्षा अधिकारी दुधाचा नमुना घेऊ शकतो, ढेपेचा नाही.

ही दरी भरून काढण्याची एक जागा उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 5 ऑगस्ट 2016 च्या निकालात दूधभेसळीबाबत जिल्हास्तरीय समित्या नेमण्यास सांगितले होते. राज्य शासनाने जून 2023 मध्ये अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अशा समित्या नेमल्या. त्यांत अन्न प्रशासन, पोलीस आणि वैधमापन यांबरोबर पशुसंवर्धन विभागही आहे. दुधाची जबाबदारी असलेले आणि जनावरांची जबाबदारी असलेले अधिकारी येथे एकत्र बसतात. या समित्यांचे काम केवळ छापे आणि दूध ओतून देण्यापुरते राहिले, तर गोठ्यातील विष तसेच राहील. पावसाळ्यापूर्वी ढेपेची साठवण तपासणे आणि बुरशी लागलेले खाद्य जनावरांना न देण्याबाबत पशुपालकांचे प्रबोधन करणे, हे काम छाप्याइतके गाजणारे नाही. उपयोग मात्र त्याचाच अधिक आहे.

ग्राहकही अगदीच असहाय नाही. कायद्याच्या कलम 40 नुसार कोणालाही शुल्क भरून विकत घेतलेल्या अन्नाचे विश्लेषण करून घेता येते आणि दोष सिद्ध झाल्यास शुल्क परत मिळते. पिशवीवरील 14 अंकी परवाना क्रमांक पाहणे, सुटे दूध देणाऱ्याकडे नोंदणीची चौकशी करणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांच्या जोडीला दूधवाल्याला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : जनावरांना ढेप कोठली घालता, आणि ती कोरडी असते ना?