गर्डरचं कमानी छत आणि आग

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४च्या आगीत लाकूड गेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. लाकडी छताला पर्याय म्हणून जुन्या इमारतींत आलेल्या गर्डरच्या छताबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

तीन-चार फुटांवर एकेक लोखंडी गर्डर, मधे विटांची उथळ कमान, वर चुन्याचं काँक्रीट, मग फरशी. ही युक्ती इंग्लंडातल्या गिरण्यांची. तेल मुरलेल्या लाकडी जमिनी भडाभडा पेटायच्या. म्हणून १७९२-९३ मध्ये विल्यम स्ट्रटने डर्बीच्या गिरणीत विटांच्या कमानी घातल्या, तुळया मात्र लाकडीच. १७९७ मध्ये चार्ल्स बेजने श्रूजबरीला तुळयाही लोखंडी केल्या.

याला 'फायरप्रूफ' म्हणायचे. लोखंड जळत नाही हे खरं, पण साधारण साडेपाचशे अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. आणि गर्डरची खालची पट्टी खोलीच्या बाजूला असते. तिच्यावर असेल तेवढा गिलावा, हेच आवरण. हल्ली 'जुना लूक' म्हणून नेमका तोच खरवडतात!

दुसरी चूक मी स्वतः पाहिली. एका घरात नव्या जिन्यासाठी मधली एकच कमान फोडली आणि शेजारची चिरली. इथे प्रत्येक कमान शेजारणीला रेटून उभी असते. शेवटच्या खणाला शेजारीण नाही, तिथे रेटा लोखंडी गज धरतात. मिस्त्री त्यांना बिनकामाचे समजून कापायला निघाला होता. तेवढं थांबवता आलं.